समुद्र ओलांडण्यापूर्वीची परीक्षा : परदेशी परिचारिका आणि अमेरिकेचा परवाना

१९७० च्या दशकात अमेरिकेतील परिचारिकांच्या परवाना परीक्षेस बसणाऱ्या दर शंभर परदेशी परिचारिकांपैकी साधारण १५ ते २० जणीच उत्तीर्ण होत असत. उरलेल्या ऐंशीजणी अडाणी नव्हत्या. त्या मायदेशी रीतसर शिकलेल्या होत्या, तेथील परीक्षा उत्तीर्ण होऊन नोंदणीकृत झालेल्या होत्या आणि अनेकींच्या गाठीशी वॉर्डातील कामाचा अनुभव होता. मग त्या नापास का होत? नापास झाल्यावर त्यांचे काय होई? आणि हीच परीक्षा पुढे टप्प्याटप्प्याने त्यांच्या दारापर्यंत कशी येऊन पोहोचली? हा धागा या तीन प्रश्नांचा आहे. त्याच्या केंद्रस्थानी फिलिपिन्स आहे. भारताचा प्रवेश बराच उशिरा होतो.

प्रथम परवान्याविषयी. अमेरिकेत परिचारिकेला परवाना केंद्र सरकार देत नाही, राज्य देते. असा कायदा सर्वप्रथम नॉर्थ कॅरोलायनाने मार्च १९०३ मध्ये केला. त्याच वर्षी न्यू जर्सी, न्यूयॉर्क आणि व्हर्जिनिया ही राज्ये त्याच वाटेने गेली. प्रत्येक राज्याचे मंडळ निराळे, प्रश्नपत्रिका निराळी, उत्तीर्णतेची रेषाही निराळी. दुसऱ्या महायुद्धाने ही घडी मोडली. सैन्याला परिचारिका हव्या होत्या आणि हाताने उत्तरपत्रिका तपासत बसण्यास कोणाला उसंत नव्हती. म्हणून १९४४ मध्ये राज्यांनी प्रश्नांचा एक सामाईक साठा केला. प्रश्न बहुपर्यायी होते आणि तपासणी यंत्राने होई. ‘स्टेट बोर्ड टेस्ट पूल एक्झामिनेशन’ या लांबलचक नावाची ही परीक्षा यथावकाश सर्व राज्यांनी स्वीकारली. औषधवैद्यक, शल्यचिकित्सा, प्रसूती, बालरोग आणि मनोरुग्ण परिचर्या असे तिचे पाच भाग होते, आणि प्रत्येक भागात स्वतंत्रपणे उत्तीर्ण व्हावे लागे. चार भागांत उत्तम गुण मिळवूनही पाचव्यात अडखळलेली परिचारिका परवान्याविना राही. ही पाच भागांची रचना ध्यानात ठेवावी. पुढे तिचे महत्त्व कळेल.

आता फिलिपिन्स. १८९८ च्या पॅरिस तहाने स्पेनने हा द्वीपसमूह दोन कोटी डॉलरच्या मोबदल्यात अमेरिकेच्या हवाली केला. नव्या राज्यकर्त्यांनी शाळा काढल्या, इस्पितळे काढली, आणि १९०६ मध्ये इलोइलो येथील मिशन रुग्णालयात देशातील पहिली परिचारिका-शाळा सुरू झाली. शिक्षण इंग्रजीतून, अभ्यासक्रम अमेरिकी धर्तीचा, गणवेशही तिकडचाच. १९४६ मध्ये देश स्वतंत्र झाला तेव्हा त्याच्यापाशी इंग्रजी बोलणाऱ्या, अमेरिकी साच्यात घडलेल्या परिचारिकांचा एक वर्गच तयार होता. वसाहतीच्या प्रशासनाने तो निर्यातीसाठी घडवला होता असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. परंतु घडून गेले ते तसेच.

१९४८ च्या कायद्याने अमेरिकेने ‘एक्स्चेंज व्हिजिटर प्रोग्रॅम’ सुरू केला. शीतयुद्धाचे दिवस होते. परदेशी तरुणांनी अमेरिकेत येऊन दोन वर्षे शिकावे, काम पाहावे आणि परत जाऊन त्या देशाविषयी चांगले बोलावे, हा त्यामागचा हेतू. १९५६ ते १९६९ या काळात ११,००० हून अधिक फिलिपिनो परिचारिका या योजनेतून अमेरिकेस गेल्या. कागदोपत्री त्या प्रशिक्षणार्थी होत्या. प्रत्यक्षात अनेक रुग्णालयांनी त्यांच्याकडून पूर्ण परिचारिकेचे काम करून घेतले आणि हातावर विद्यावेतन ठेवले. रात्रपाळी आणि सुट्टीच्या दिवसांची ड्यूटी बहुधा यांच्याच वाट्याला येई. परंतु दोन वर्षांनी परतायचेच असल्यामुळे परवाना परीक्षेचा प्रश्न सहसा उद्भवत नसे.

तो उद्भवला १९६५ नंतर. त्या वर्षी ३ ऑक्टोबरला राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याच्या पायथ्याशी नव्या स्थलांतर कायद्यावर सही केली आणि आशियाई देशांवरील जुनी बंधने उठली. त्याच वर्षी वृद्धांसाठी व गरिबांसाठी सरकारी आरोग्यविम्याच्या दोन मोठ्या योजना मंजूर झाल्या; रुग्णालयांतील खाटा भरू लागल्या आणि परिचारिकांची मागणी वाढली. १९७० मध्ये एच-१ व्हिसाचे नियम सैल करण्यात आले. इकडे फिलिपिन्समध्ये १९७२ साली फर्डिनांड मार्कोस यांनी लष्करी कायदा पुकारला आणि १९७४ च्या कामगार संहितेने परदेशी नोकरी हे सरकारी धोरण बनवले. १९६६ ते १९८५ या वीस वर्षांत किमान २५,००० फिलिपिनो परिचारिका अमेरिकेत गेल्याचे अभ्यासक सांगतात. आता त्या दोन वर्षांच्या पाहुण्या नव्हत्या. त्यांना तेथे परिचारिका म्हणून राहायचे होते, आणि त्यासाठी ती पाच भागांची परीक्षा अटळ होती.

येथे क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. परिचारिका आधी समुद्र ओलांडे आणि परीक्षा नंतर देई. तिकिटासाठी, दलालासाठी कर्ज काढलेले असे. पोहोचल्यावर अनेक राज्यांत तिला तात्पुरता परवाना मिळे, ती कामावर रुजू होई आणि पुढच्या सत्रात परीक्षेला बसे. अभ्यासाला वेळ मिळे तो पाळी संपल्यानंतर. निकाल प्रतिकूल लागला की तात्पुरता परवाना संपे. मग ती मदतनीस म्हणून, म्हणजे रुग्णांना न्हाऊ घालणे, चादरी बदलणे, भांडी उचलणे या दर्जाच्या पगारावर, त्याच वॉर्डात राही; आणि मनुष्यबळ कमी पडले की तिच्याकडून परिचारिकेचेच काम करून घेतले जाई. रुग्णालयाच्या दृष्टीने हा सौदा वाईट नव्हता. एच-१ व्हिसावर आलेलीला मात्र याहून मोठे भय होते. तिचा व्हिसा परिचारिकेच्या नोकरीसाठी होता. परवाना नाही तर ती नोकरी नाही, आणि नोकरी नाही तर व्हिसा नाही. नापास झालेल्या परिचारिकांना देशाबाहेर काढण्याच्या कारवाया त्या दशकात प्रत्यक्ष झाल्या.

तर मग त्या नापास का होत?

पहिले कारण मनोरुग्ण परिचर्येच्या भागात दडलेले होते. फिलिपिन्समध्ये, आणि त्या काळच्या भारतातही, परिचारिकेचे प्रशिक्षण मुख्यतः शस्त्रक्रिया, प्रसूती आणि साथीचे रोग यांभोवती फिरे. अमेरिकेत मात्र मनोविकारशास्त्राने परिचर्येच्या अभ्यासक्रमात मोठी जागा पटकावली होती. या भागातील प्रश्न औषधाच्या मात्रेविषयी कमी आणि संभाषणाविषयी अधिक असत. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री रुग्ण म्हणतो, ‘मला फार भीती वाटते आहे.’ परिचारिकेने काय उत्तर द्यावे? आपल्याकडच्या कोणत्याही सिस्टरला विचारावे. ती रुग्णाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणेल, ‘काही काळजी करू नका, सगळे ठीक होईल.’ अमेरिकी परीक्षेत हा पर्याय हमखास चुकीचा. कारण तेथील पाठ्यपुस्तकाच्या मते हे खोटे आश्वासन आहे आणि त्याने रुग्णाचे बोलणे खुंटते. ‘भीती नेमकी कशाची वाटते ते मला सांगाल का?’ हे अपेक्षित उत्तर. दोन्ही उत्तरांत माणुसकी आहे. परंतु एका उत्तरामागे कुटुंबाने गजबजलेला, नातेवाइकांचा पहारा असलेला वॉर्ड उभा आहे, तर दुसऱ्यामागे एकट्या खोलीत, एकट्याने आपल्या मनाशी झुंजणारा रुग्ण. बहुपर्यायी प्रश्नाला हा फरक दिसत नाही. त्याला केवळ ‘अ’ आणि ‘क’ दिसतात.

दुसरे कारण अधिकाराचे. अमेरिकी प्रश्नपत्रिका परिचारिकेकडून स्वतंत्र निर्णयाची अपेक्षा करी. चार रुग्ण एकाच वेळी हाक मारतात : एकाला वेदनाशामक हवे आहे, दुसऱ्याचे सलाईन संपत आले आहे, तिसऱ्याला घरी सोडायचे आहे आणि चौथ्याला अचानक धाप लागली आहे. प्रथम कोणाकडे जावे? हा प्रश्न सोपा आहे. पण पुढचा नाही : चौथ्या रुग्णाजवळ पोहोचल्यावर प्रथम डॉक्टरांना बोलवावे, की आधी त्याला उठवून बसवावे आणि तपासावे? जेथे डॉक्टरांचा शब्द अंतिम मानण्याची शिस्त अंगी बाणवली जाई, तेथून आलेली परिचारिका ‘डॉक्टरांना कळवावे’ या पर्यायाकडे स्वाभाविकपणे झुके. परीक्षकांना मात्र तिने आधी काय पाहिले आणि काय केले हे हवे असे.

तिसरे कारण अगदी क्षुल्लक भासणारे, पण घातक : शब्द. जगाचा बराच भाग ज्याला पॅरासिटामॉल म्हणतो, त्याला अमेरिकेत ॲसिटामिनोफेन म्हणतात. ॲड्रिनलिनचे तेथे एपिनेफ्रिन होते, सालब्युटामॉलचे अल्ब्युटेरॉल, पेथिडिनचे मेपेरिडिन. ताप फॅरनहाइटमध्ये, वजन पौंडांत. वर्षानुवर्षे जी औषधे आपल्या हाताने दिली, तीच प्रश्नपत्रिकेत अनोळखी होऊन समोर येत. आणि घड्याळ पुढे सरकत असे.

यावरून १९७० च्या दशकात मोठा वाद पेटला. एक बाजू म्हणे, ही परीक्षा परिचर्येची नसून अमेरिकी संस्कृतीची आहे. ‘नॅशनल अलायन्स फॉर फेअर लायसन्शर ऑफ फॉरिन नर्स ग्रॅज्युएट्स’ या संघटनेने कॅलिफोर्नियात परीक्षेच्या निष्पक्षतेला आव्हान दिले आणि हद्दपारीविरुद्ध मोहीम उघडली. दुसरी बाजू म्हणे, रुग्ण अमेरिकी आहे, औषधाच्या बाटलीवरचे नाव अमेरिकी आहे, तेव्हा परीक्षा दुसरी कशाची घ्यावी? दुसऱ्या बाजूचा हा मुद्दा सहज झटकून टाकण्याजोगा नाही. ॲसिटामिनोफेन न ओळखणारी परिचारिका वॉर्डात खरोखरच धोक्याची ठरू शकते. मात्र त्या बाजूला एका गोष्टीचे उत्तर कधीच नीट देता आले नाही. परीक्षा इतकी आवश्यक होती, तर नापास झालेलीकडून त्याच वॉर्डात तेच काम कसे चालवून घेतले जात होते?

तोडगा निघाला तो असा. अमेरिकन नर्सेस असोसिएशन आणि नॅशनल लीग फॉर नर्सिंग या दोन संस्थांनी मिळून १९७७ मध्ये ‘कमिशन ऑन ग्रॅज्युएट्स ऑफ फॉरिन नर्सिंग स्कूल्स’ या मंडळाची स्थापना केली. मुख्यालय फिलाडेल्फियात, म्हणजे ज्या शहरात आनंदीबाई जोशींनी मार्च १८८६ मध्ये वैद्यकीय पदवी घेतली, त्याच शहरात. परदेशी परिचारिकेने आपल्याच देशात बसून एक पूर्वपरीक्षा द्यावी, ही या मंडळाची कल्पना. आधी प्रमाणपत्रांची छाननी, मग परिचर्येच्या ज्ञानाची आणि इंग्रजीची चाचणी. १९७८ मध्ये पहिली परीक्षा झाली. हे प्रमाणपत्र म्हणजे परवाना नव्हे. अमेरिकेत पोहोचल्यावर राज्याची परीक्षा द्यावीच लागे. परंतु जिला तेथे यश मिळण्याची शक्यता कमी, तिला विमानात चढण्यापूर्वीच ते कळणार होते.

या बदलाकडे दोन्ही नजरांनी पाहावे लागते. कर्ज काढून गेलेली, नापास झालेली, व्हिसा गमावण्याच्या सावटाखाली चादरी बदलणारी परिचारिका हे चित्र त्यामुळे बरेच पुसट झाले, आणि तो लाभ लहान नव्हता. मात्र अपयशाचा खर्च नाहीसा झाला नाही; त्याने केवळ देश बदलला. पूर्वी तो काही अंशी अमेरिकी रुग्णालयाच्या अंगावर पडे, कारण परिचारिका तेथे हजर असे आणि परीक्षेतील तिचे अपयश ही त्या रुग्णालयाची अडचण असे. आता तो संपूर्णपणे मनिलातील किंवा सेबूतील एका कुटुंबावर पडू लागला. पहिला पगार हाती येण्याआधीच दोन परीक्षांची फी, पुस्तके आणि शिकवणी.

शिकवणीची बाजारपेठ तर बघता बघता फोफावली. मनिलाच्या विद्यापीठ परिसरात ‘रिव्ह्यू सेंटर’ या नावाचे क्लास गल्लोगल्ली निघाले. पुण्याच्या सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिका आणि गुणवंतांच्या छायाचित्रांचे फलक ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ते दृश्य निराळे वर्णन करून सांगायला नको. तेथेही मायदेशीच्या मंडळाच्या परीक्षेत पहिले आलेल्यांची नावे क्लासच्या जाहिरातींत झळकत. विसाव्या शतकाच्या अखेरीस आणि पुढील काही वर्षांत तर हजारो फिलिपिनो डॉक्टरांनी पुन्हा वर्गात बसून परिचर्येची पदवी घेतली, कारण डॉक्टर म्हणून मायदेशी मिळणाऱ्या उत्पन्नापेक्षा परिचारक म्हणून अमेरिकेत मिळणारे वेतन कितीतरी अधिक होते.

दरम्यान मूळ परीक्षाही बदलली. जुलै १९८२ पासून पाच स्वतंत्र भाग जाऊन ‘एनक्लेक्स’ ही एकसंध परीक्षा आली. एप्रिल १९९४ मध्ये कागद-पेन्सिल गेली आणि संगणक आला, तोही विलक्षण स्वभावाचा. बरोबर उत्तर दिले की पुढचा प्रश्न कठीण, चुकले की सोपा. मागे फिरून उत्तर दुरुस्त करण्याची सोय नाही. तेव्हा किमान ७५ प्रश्न असत, कमाल २६५. या परीक्षार्थीची पात्रता उत्तीर्णतेच्या रेषेच्या वर आहे की खाली, याविषयी यंत्राची ९५ टक्के खात्री झाली की पडदा बंद. त्यामुळे पंचाहत्तराव्या प्रश्नाला यंत्र थांबले म्हणजे उत्तीर्ण, की नापास, यावर मनिलापासून केरळपर्यंत अगणित तर्क लढवले गेले. वास्तविक दोन्ही शक्य असे. फार चांगली आणि फार कच्ची, अशा दोघींनाही यंत्र लवकर ओळखे. मधल्यांना ते ताटकळत ठेवी.

१९९६ च्या स्थलांतर कायद्याने फिलाडेल्फियाच्या त्या मंडळाचे वजन आणखी वाढवले. यापुढे परदेशी परिचारिकेला कामाच्या व्हिसासाठी ‘व्हिसास्क्रीन’ प्रमाणपत्र आवश्यक ठरले. त्या एका कागदाची ताकद किती, हे २००६ मध्ये दिसले.

त्या वर्षी जून महिन्यात फिलिपिन्सच्या स्वतःच्या मंडळाच्या परीक्षेस सुमारे ४२,००० विद्यार्थी बसले. परीक्षेनंतर थोड्याच दिवसांत बागियो शहरातील काही परीक्षार्थींनी तक्रार केली : तिसऱ्या आणि पाचव्या पेपरातील प्रश्न आधीच फुटले होते. काही क्लासमध्ये ते वाटले गेल्याचा आरोप झाला, चौकशा बसल्या, प्रकरण न्यायालयात गेले. पेपरफुटी म्हणजे काय आणि तिच्यानंतर प्रामाणिक विद्यार्थ्याची काय अवस्था होते, हे महाराष्ट्रातील तरुण वाचकांना समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. सुमारे १७,००० जण उत्तीर्ण झाले होते, आणि त्यांतील बहुसंख्यांचा त्या फुटलेल्या प्रश्नांशी काडीचाही संबंध नव्हता. परंतु कोण स्वच्छ आणि कोण नाही हे निवडणार कसे?

फेब्रुवारी २००७ मध्ये फिलाडेल्फियाहून निर्णय आला. जून २००६ च्या तुकडीतील परिचारिकांना, त्यांनी ते दोन पेपर पुन्हा दिल्याशिवाय, व्हिसास्क्रीन मिळणार नाही. परीक्षा फिलिपिन्सची, नोंदणी फिलिपिन्सची, मायदेशी तो परवाना वैधही होता. तरीही त्याचे मोल अखेर पेनसिल्व्हेनियातील एका कार्यालयात ठरले. देशात संताप उसळला. प्रामाणिकांनी पुन्हा परीक्षा देणे म्हणजे न केलेला गुन्हा कबूल करणे, असे काहींचे म्हणणे होते. अन्य काहींना हा डाग धुऊन काढण्याचा एकमेव मार्ग वाटला. सरकारने फेरपरीक्षेची व्यवस्था केली आणि जून २००७ मध्ये हजारोजण एका वर्षापूर्वी उत्तीर्ण झालेले पेपर लिहिण्यासाठी पुन्हा बाकांवर बसले.

याच सुमारास दुसरी एक घडामोड चालू होती. २००५ पर्यंत एनक्लेक्स केवळ अमेरिका आणि तिच्या अखत्यारीतील प्रदेशांतच देता येई. फिलिपिनो परिचारिका त्यासाठी सायपान किंवा ग्वाम या प्रशांत महासागरातील बेटांवर जात : विमानाचे तिकीट, चार दिवसांचा मुक्काम आणि काही तासांची परीक्षा. जानेवारी २००५ मध्ये लंडन, सोल आणि हाँगकाँग येथे पहिली परदेशी केंद्रे निघाली. २००६ मध्ये भारतात केंद्रे आली, आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलमध्ये नोंदणी असलेल्या परिचारिकेलाही ही परीक्षा देश न सोडता देणे शक्य झाले. ज्या देशाने या परीक्षेस सर्वाधिक परदेशी उमेदवार पुरवले, त्या फिलिपिन्सला मात्र प्रश्नांच्या सुरक्षिततेच्या कारणास्तव थांबवून ठेवण्यात आले होते. मनिलातील केंद्र सुरू झाले ते ऑगस्ट २००७ मध्ये, फेरपरीक्षेनंतर दोन महिन्यांनी.